समृद्धीवर छोट्या गाडीचं ॲव्हरेज का पडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी १.० लिटर पेट्रोल, उंच डब्यासारखी हॅचबॅक. ठाण्यात १५ चं ॲव्हरेज देते. जुलैत समृद्धी महामार्गाने विदर्भातल्या कारंजा लाडला गेलात, काटा बहुतेक वेळ ११० ते १२० वर, एसी चालू, टपावर रिकामं कॅरियर. जाताना १५.५ पडलं, येताना १३. कंपनी २४ सांगते. सर्व्हिस सेंटरवाल्याने इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे नोझल) साफ करायला सांगितलं आहे. आणि हायवेवर ॲव्हरेज वाढायला हवं, ते कमी कसं झालं?

हायवेवर वाढतं हे खरंच आहे. पण ते जुन्या हायवेचं शहाणपण आहे. तिथे ट्रक, ट्रॅक्टर, गावं, गतिरोधक यांतून गाडी ७०-८० च्या पुढे फारशी जातच नव्हती. समृद्धीने ती अट काढून टाकली.

मी छत्रपती संभाजीनगरला राहतो, पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवतो आणि सासुरवाडी नागपूरची. त्यामुळे हा रस्ता डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत सुरू झाल्यापासून माझ्या नशिबात आहे. गाडी तुमच्यासारखीच. टाकी फुल टू फुल करून आकडे डायरीत लिहायची खोड आहे (घरचे हसतात, हसू देत). डायरीचं सार: काटा ८० वर ठेवला तर २२ च्या आसपास, १०० वर साडेसतरा, १२० वर १४. गाडी तीच, पेट्रोल तेच, ड्रायव्हर तोच.

पोरांना मी हे न्यूटनमध्ये शिकवतो, तुम्हाला किलोत सांगतो. समजा सपाट रस्त्यावर तुमच्या गाडीला मागून दोरी बांधून कुणीतरी ओढतंय. टायर रस्त्यावर दबतात, त्यात जी शक्ती जाते तिची ओढ साधारण १२ किलो. ती वेगाने फारशी बदलत नाही, ६० ला १२ आणि १२० ला त्याहून जराशी जास्त. दुसरी ओढ हवेची. ती ६० च्या वेगाला जवळपास तेवढीच, १२ किलो. ८० ला ती २१-२२ किलो होते, १०० ला ३४ आणि १२० ला ४९. वेग दुप्पट झाला की हवेची ओढ चौपट. एक किलोमीटर जायला किती पेट्रोल लागणार ते या ओढीवर ठरतं. म्हणजे १२० ला गाडी पुढे न्यायला जी मेहनत लागते, तिच्या चार भागांतले तीन भाग केवळ हवा बाजूला सारायला जातात.

इंजिनाच्या बाजूने बघा. ८० ला गाडी चालती ठेवायला १० हॉर्सपॉवर पुरतात. १०० ला १७ लागतात, १२० ला २७. तुमचं इंजिन ६५-७० चं असेल, म्हणजे त्याला झेपतं, पण सुखाचं नाही. चढ आला, ओव्हरटेक आला की ॲक्सिलरेटर जमिनीला टेकतो आणि त्या वेळी कॉम्प्युटर इंजिन थंड राहावं म्हणून जास्तीचं पेट्रोल सोडतो.

आता छोट्या गाडीवर खास अन्याय होतो तो इथे. गाडी लांबीला छोटी असते, पण समोरून बघितली तर ती छोटी नसते. माणसाला डोकं वर करून बसायचं आहे, मग उंची आलीच. समोरून तिचं क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे तिच्या दीडपट किमतीच्या सेडानएवढंच. आणि मागची बाजू एकदम तोडलेली. हवेला नाकाने कापण्यात जेवढा खर्च होत नाही तेवढा मागे होतो. छतावरून आलेल्या हवेला शेपटीकडे हळूहळू मिटायला जागा मिळाली तर ती शांतपणे जोडली जाते. हॅचबॅकच्या मागे ती जागाच नाही. मग तिथे कमी दाबाचा भोवरा तयार होतो आणि तो गाडीला मागे खेचत राहतो.

हा भोवरा बघायचा असेल तर पावसाळ्यात मागची काच बघा. सेडानची मागची काच त्या मानाने स्वच्छ राहते. हॅचबॅकची काच शंभर किलोमीटरमध्ये चिखलाच्या फवाऱ्याने आंधळी होते, कारण टायरने उडवलेलं पाणी तो भोवरा उलटं फिरवून काचेवर आणून टाकतो. हॅचबॅकला मागे वायपर असतो आणि बहुतेक सेडानला नसतो, तो याच कारणासाठी. मी वर्गात हा धडा फळ्यावर शिकवत नाही, पार्किंगमध्ये शिकवतो.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मजेदार गोष्ट मात्र वेगळीच आहे: जाताना १५.५ आणि येताना १३. वेग तोच म्हणता, माणसं तीच. खरं तर हे उलटं व्हायला हवं होतं. ठाणे समुद्रसपाटीला, इगतपुरी ६०० मीटरवर. जाताना गाडी तेवढी वर उचलावी लागते, त्यालाच पाऊण लिटरच्या जवळ पेट्रोल जातं. येताना तीच उंची फुकट उतरायला मिळते. तरी येताना कमी पडलं. मग घाटाला पुरून उरेल असं काय होतं?

वारा. जुलै म्हणजे आषाढ, आणि आपल्याकडे त्या दिवसांत वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून धो धो येतो. वैजापूरपासून वर्ध्यापर्यंत मोकळं रान, अडवायला काही नाही. कारंज्याला जाताना तो तुमच्या पाठीशी होता, परत येताना छातीवर. गाडीचा काटा जमिनीवरचा वेग दाखवतो. हवेला त्याच्याशी देणंघेणं नाही. समजा तुम्ही १०० ने चाललात आणि वारा फक्त १० चा आहे. जाताना हवेच्या लेखी तुमचा वेग ९०, येताना ११०. हवेच्या ओढीत जवळजवळ दीडपट फरक पडतो, आणि १० चा वारा म्हणजे पान हलवणारा वारा, झाड वाकवणारा नाही. माझ्या डायरीतही नागपूरला जाताना आणि येताना जून ते ऑगस्टमध्ये दोन-अडीचचा फरक आहे, हिवाळ्यात तो दिसत नाही. पहिल्या वर्षी मी याचा दोष नागपूरच्या पंपाला दिला होता.

कॅरियर काढा. हे एवढं एक तरी आजच करा. रिकामं आहे म्हणून त्याचं काही होत नाही असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. एकदा सासूबाईंनी दिलेली गादी ताडपत्रीत गुंडाळून टपावर बांधून आणली. ताडपत्री जालन्यापर्यंत फडफडत होती आणि ॲव्हरेज १८ वरून १४ वर आलं. गादी उतरवली, पण कॅरियर आठ महिने तसंच राहिलं, आळसापायी. त्या आठ महिन्यांत हायवेला दीडेक किलोमीटरची खोट सतत लागत होती. त्या दोन आडव्या दांड्या छतावरची हवा फाडतात. ६० पेक्षा कमी वेगात हे जाणवत नाही, समृद्धीवर जाणवतं. गावाहून तूरडाळीची पोती आणायची असतील तर डिकीत टाका, मागच्या सीटवर टाका. ५० किलो वजन आत असेल तर टायरची ओढ अर्ध्या किलोने वाढते, बस्स. तेच पोतं टपावर गेलं तर ते हवेत उभं राहतं.

काच की एसी, हा वाद तुम्ही विचारला नाही, पण विचाराल. ४०-५० पर्यंत काच उघडी ठेवा, खुशाल. ८० च्या पुढे काचा बंद आणि एसी सुरू. उघड्या काचेतून हवा आत शिरून गाडीत घुसळते आणि ओढ वाढवते, शिवाय कानात ढोल वाजतात ते वेगळं. शहरात मात्र एसी छोट्या इंजिनाला खातो. सिग्नलला उभी असताना १.० लिटरची गाडी तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते, एसी लावला की त्याहून बरंच जास्त, आणि पुढे गेलेली असते शून्य किलोमीटर.

शहराचं गणित मुळात वेगळंच आहे, तिथे हवेला कुणी विचारत नाही. ५० च्या वेगात असलेल्या तुमच्या गाडीत जी ऊर्जा साठलेली असते ती ब्रेक मारला की उष्णता होऊन उडून जाते. असं तीनदा थांबलात की ८० च्या वेगाने एक किलोमीटर जाण्याइतकी मेहनत वाया गेली. घोडबंदर रोडला किलोमीटरमागे तीनदा थांबून भागतं का, तुम्हीच सांगा. म्हणून तुमचं ठाण्यातलं १५ आणि समृद्धीवरचं १४ हे आकडे शेजारी बसलेले दिसतात, पण दोघांचं दुखणं एक नाही. शहरात ब्रेकने खाल्लं, समृद्धीवर हवेने.

कंपनीचे २४ खोटे आहेत का? नाहीत, पण ते तुमच्या प्रवासाचे नाहीत. आपल्याकडची चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. ठरलेलं चक्र असतं, साधारण २० मिनिटांचं आणि १० किलोमीटरच्या थोडं वरचं. त्यात सरासरी वेग ३२ च्या आसपास आणि सगळ्यात जास्त वेग ९०. युरोपच्या ज्या जुन्या चक्रावरून ते घेतलं त्यात शेवट १२० ला होता, आपल्याकडच्या गाड्या बघून तो ९० वर आणला. एसी बंद. म्हणजे ११०-१२० वर गाडी काय देईल हे त्या आकड्याला माहीतच नाही, कारण तिथवर तो गेलेलाच नाही. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के तिथेच गेले. हा भाग तुमच्या हातात नाही, सोडून द्या.

हातात असलेली एक गोष्ट टायरची हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा ठेवा, निघण्याआधी, टायर थंड असताना. उन्हाळ्यात हवा कमी भरायचा सल्ला पंक्चरवाले देतात तो ऐकू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, म्हणून जास्त तापतो, आणि समृद्धीच्या काँक्रीटवर भर दुपारी १२० ला तापलेला टायर फुटला तर ॲव्हरेजची चर्चा करायला आपण उरत नाही. नायट्रोजन भरायचा असेल तर भरा, जादू नाही.

आणखी दोन सवयी आमच्याकडचे लोक अभिमानाने सांगतात. एक, उतारावर न्यूट्रल. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पेट्रोल पूर्ण बंद होतं. न्यूट्रल केलं की इंजिन आयडलवर राहायला पेट्रोल घेतं. म्हणजे कसाऱ्याला न्यूट्रल करून तुम्ही पेट्रोलही जास्त जाळता आणि ब्रेकही. दुसरी, ट्रकच्या मागे चिकटून जायचं. ओढ कमी होते, हे भौतिकशास्त्र बरोबर आहे. पण फायदा मिळावा इतक्या जवळ गेलात तर ट्रकने ब्रेक मारल्यावर तुम्हाला कळेपर्यंत तुम्ही त्याच्या खाली असता.

पैशांत सांगतो. नागपूर मला साडेचारशे किलोमीटर. १२० ने गेलो तर ३२ लिटर, १०० ने गेलो तर २६ च्या आत. वेळेत फरक पाऊण तासाचा, तोही कुठे न थांबता काटा हलूच दिला नाही तर. सहा लिटरचे सहाशेच्या वर रुपये. पाऊण तासाला सहाशे रुपये, हा सौदा काही जणांना परवडतो, मला नाही. ८० ने मीही जात नाही, झोप येते. ९५ वर काटा ठेवतो, मागून लाइट मारणाऱ्यांना डावीकडून हात करतो.

इंजेक्टरचं म्हणाल तर थांबा. पुढच्या खेपेला कॅरियर काढून, टायरची हवा बघून, काटा ९० वर ठेवून एकदा जाऊन या आणि दोन्ही टोकांना टाकी फुल करा. निघताना पंपावरचे झेंडे कुठल्या दिशेला फडफडतात तेही बघून ठेवा. जाता-येता मिळून १९-२० पडलं तर इंजेक्टरला हात लावू देऊ नका. १६ च्या आतच राहिलं तर आधी एअर फिल्टर काढून उजेडात धरा, जॅक लावून चारही चाकं हाताने फिरवून बघा, एखादा ब्रेक घासत असतो, आणि मग त्या सर्व्हिस सेंटरवाल्याला फोन करा.