ट्रेलर राहू द्या, आधी ती पॉलिसी दाखवा

फीनिक्सहून एका दांपत्याचं पत्र आलं आहे. नवरा ४६, बायको ४३, मुलगी नववीत. पत्र ताईंनी लिहिलंय आणि मनापासून लिहिलंय. तीन हिवाळे झाले, हे दोघं भाड्याचा ट्रॅव्हल ट्रेलर (चाकांवरचं छोटं घर) गाडीमागे लावून वाळवंटात जातात. कधी ॲरिझोनातल्याच क्वार्टझसाइटला, कधी कॅलिफोर्नियात ॲन्झा-बोरेगोला. हंगामात पाच खेपा, प्रत्येक खेपेला तीन रात्री. पहाटे स्टोव्हवर चहा, आणि मैलभर कुणी नाही. आता स्वतःचा ट्रेलर घ्यायचाय: किंमत ४२,००० डॉलर, साडेआठ हजार डाउन पेमेंट, उरलेल्यावर १५ वर्षांचं कर्ज ९ टक्क्यांनी. प्रश्न एवढाच की डाउन पेमेंट बचतीतून द्यावं, की 'आमच्या रिटायरमेंट पॉलिसीवर' कर्ज काढून? "एजंट म्हणाले, ती तुमची स्वतःचीच बँक आहे, बिनधास्त काढा."

आणि अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून: "पॉलिसी घेतल्यापासून यांनी ४०१(के) बंद केलंय. दोन्हीकडे पैसे कशाला अडकवायचे, असं एजंटांचं मत पडलं."

४०१(के) म्हणजे नोकरीत पगारातून भरायचं निवृत्तीचं खातं. ताई, हे ताजा कलम मी दोनदा वाचलं. पण तुम्ही विचारलंय ट्रेलरबद्दल, तर ते आधी उरकतो.

साडेतेहतीस हजारांच्या कर्जाचा हप्ता महिना ३४० डॉलर, म्हणजे वर्षाला चार हजार. तुमची सोसायटी घरासमोर ट्रेलर उभा करू देत नाही, तेव्हा स्टोरेजचे दीड हजार धरा. विमा, नोंदणी, दुरुस्ती मिळून आणखी दीड हजार. ॲरिझोनाचं ऊन छताचे जोड आणि टायर खातं. गाडी चालो न चालो, पाच-सहा वर्षांत टायर बदलावे लागतात. एकूण वर्षाला सात हजार, रात्री पंधरा. रात्रीला साडेचारशेच्या वर. भाड्याने तुम्हाला खेपेला सहाशे पडतात, वर्षाला तीन हजार. पाच वर्षांनी कर्ज बाकी असेल सुमारे २७,०००, आणि ट्रेलरचे कुणी २२,००० दिले तर नशीब समजा.

व्याजावर 'दुसरं घर' म्हणून करसवलत मिळते, हे डीलरचं म्हणणं कागदावर खरं आहे. पण जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्च न दाखवताही मिळणारी ठोक वजावट, २०२५ साठी ३१,५०० होतं आणि तुमच्या सगळ्या वजावटी या व्याजासकट २२,००० च्या पुढे जात नाहीत. सवलत शून्य.

आणि एक गोष्ट डीलरने सांगितली नाही. ट्रेलरचं रिकामं वजन तुम्ही ४,८०० पौंड लिहिलंय, तुमच्या एसयूव्हीची ओढण्याची मर्यादा ५,००० आहे. वाळवंटात नळ नसतो, टाकी भरूनच निघावं लागतं. चाळीस गॅलन पाणी म्हणजे सव्वातीनशे पौंड. तिथेच तुम्ही मर्यादेबाहेर. त्यात गॅस, बॅटऱ्या, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण. म्हणजे ट्रेलर घेतलात की सहा महिन्यांत ट्रकही घ्यावा लागणार.

आता पॉलिसी. इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, म्हणजे शेअर निर्देशांकाशी व्याज जोडलेला आयुर्विमा, महिना हजार डॉलर, २६ महिने झाले. म्हणजे २६,००० भरले. पत्रात तुम्ही "सध्या १७,९०० जमा आहेत" असं लिहिलंय. सोबत जोडलेल्या वार्षिक पत्रकात त्या आकड्याच्या शेजारी दुसरा रकाना आहे, बारीक टाइपात: सरेंडर व्हॅल्यू ४,६००. आज पॉलिसी मोडलीत तर हातात येतील ते एवढेच. कर्ज मिळतं ते याच आकड्यावर, तेही पूर्ण नाही. साडेआठ हजारांचं डाउन पेमेंट यातून निघणारच नाही. तुमच्या या 'स्वतःच्या बँकेत' तेवढे पैसेच नाहीत, आणि हे एजंटला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

"बाजार पडला तरी तोटा नाही" हे वाक्य तुम्ही अधोरेखित केलंय. तोटा नाही म्हणजे व्याज शून्य. विम्याचा खर्च आणि कंपनीचे आकार मात्र दरमहा कापले जातातच, आणि विम्याचा खर्च वयाबरोबर चढत जातो. वर चढायला तुमच्या पॉलिसीत ९ टक्क्यांची टोपी आहे, बाजार कितीही चढला तरी व्याज त्यापुढे नाही. एस अँड पी ५०० या अमेरिकी शेअर निर्देशांकाने लाभांशासकट २०२३ मध्ये २६ टक्के आणि २०२४ मध्ये २५ टक्के दिले. अशा वर्षांत तुमच्या वाट्याला नऊ, आणि लाभांश तर नाहीच. दरवर्षी ७ टक्के धरून एजंटने रंगवलेला तो तक्ता ही केवळ आशा आहे. पुढे साठीनंतर 'करमुक्त' म्हणून पैसे काढायचे तेही कर्ज म्हणूनच. ते कर्ज फुगून पॉलिसी बंद पडली, तर नफ्यावरचा कर एकदम अंगावर येतो. एजंटशी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली म्हणून माणूस घरचा वाटतो, हे मी समजू शकतो. पण मोदक खाऊन झाल्यावर तरी कागद वाचायचा होता.

याहून महाग पडलंय ते ४०१(के). पगार १,४०,०००. कंपनी ५ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर घालते, म्हणजे वर्षाला सात हजार. २६ महिन्यांत पंधरा हजार तुम्ही कंपनीकडेच सोडून आलात. हेच आणखी अठरा वर्षं चाललं तर ६ टक्क्यांनी नुसते कंपनीचे पैसेच दोन लाखांवर जातात.

तेच हजार डॉलर पुन्हा मांडून बघू. स्वतःचे ५ टक्के ४०१(के)त घातले तर, २२ टक्के कर वाचल्यामुळे, हातातले महिना साडेचारशेच कमी होतात. पाच लाखांचा वीस वर्षांचा टर्म विमा, यांची तब्येत धडधाकट आणि सिगारेट नाही, तर साठ-सत्तर डॉलर. वाळवंटातल्या पाच खेपांचं भाडं महिन्याला अडीचशे. तरी दोनशेवर उरतात, ते मुलीच्या कॉलेजसाठी.

क्रम मात्र चुकवू नका. ४०१(के) याच आठवड्यात सुरू करा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मग टर्म विम्याचा अर्ज. तो मंजूर होऊन पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीचा हप्ता थांबवू नका, मध्येच काही झालं तर घर उघडं पडेल. त्यानंतर कंपनीकडून, एजंटकडून नव्हे, चालू पॉलिसीचा नवा तक्ता ४ टक्के धरून मागवा. मला त्यात काय दिसणार ते ठाऊक आहे, तरी तुम्ही डोळ्यांनी बघा, म्हणजे ४,६०० घेऊन बाहेर पडताना हात थरथरणार नाही. भरलेल्यापेक्षा कमीच मिळतंय, त्यामुळे त्यावर कर नाही. एजंटचा फोन येईल: "दहा वर्षं थांबा, सरेंडर चार्ज निघून जाईल." दहा वर्षांत आणखी १,२०,००० भरायचे आहेत, हे तो त्या वाक्यात म्हणणार नाही.

ट्रेलर आणखी दोन हिवाळे भाड्यानेच घ्या आणि रात्री मोजा. क्वार्टझसाइटजवळच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अख्खा हंगाम राहायचा परवाना २०२४-२५ मध्ये १८० डॉलरला मिळत होता, दोन आठवड्यांचा ४० ला. तिथे महिना-महिना मुक्काम ठोकून राहिलेल्यांशी बोला, कुणाचा ट्रेलर कुठे गळतो ते सगळे हौसेने सांगतात. वर्षाला तीसेक रात्री होऊ लागल्या तर सहा-सात वर्षं जुना, भरल्यावरही चार हजार पौंडांच्या आत राहणारा बघा, रोखीने. तेव्हा पुन्हा लिहा, पण पत्रकाची सगळी पानं जोडून.