पुण्याहून देहरादूनला कायमचं जायचं असेल तर

तुमचा प्रश्न मला असा समजला: वाकडचा फ्लॅट विकून देहरादूनला कायमचं राहायला जायचंय, कंपनीने घरून काम करायला होकार दिलाय, मुलगी नववीत आणि मुलगा पाचवीत आहे, दम्याचा त्रास असलेल्या आई सोबत येणार आहेत. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आलात, सहस्रधारा रोडच्या बाजूला एक प्लॉट मनात भरलाय. मागे कोरडी नदी, पलीकडे डोंगर. टोकन द्यावं का?

टोकन आत्ता देऊ नका आणि वाकडचा फ्लॅटही विकू नका. देहरादूनला मात्र जरूर जा. बदलीमुळे आम्ही तिथे काही वर्षं काढली, आता कोथरूडला परतलो आहोत. त्या गावावर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

देहरादून डोंगरावर नाही, खोऱ्यात आहे. एका अंगाला शिवालिक, दुसऱ्या अंगाला हिमालयाची पहिली रांग आणि मध्ये दून खोरं. उंची साधारण ६४० मीटर. आपलं पुणे ५६० च्या आसपास, सिंहगडाचा माथा १३०० च्या घरात. म्हणजे शहराच्या बऱ्याच भागात तुम्ही सिंहगडाच्या निम्म्या उंचीवरच राहणार. मे-जूनमध्ये पारा चाळिशीला टेकतो. गारवा हवा तर मसुरी, ती २००० मीटरवर. पण शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, ऊठसूट जाणं होत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथला सगळ्यात देखणा काळ, आणि तुम्ही नेमका तोच पाहिलात.

पाऊस तुम्ही पाहिलेला नाही. पुण्यात वर्षाकाठी साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पडतो; देहरादूनला २००० च्या वर, त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबरात. शहरातून रिस्पना आणि बिंदाल या नद्या वाहतात, शिवाय लहान-मोठे अनेक ओढे आहेत. तिथे त्यांना रौ म्हणतात. वर्षातले सात-आठ महिने त्यांच्या पात्रात नुसते गोटे आणि पाण्याची एखादी धार. कोरडं पात्र बघून एजंट 'रिव्हर व्ह्यू' म्हणतो, आणि ऑक्टोबरात ते खरंही वाटतं. वर मसुरीच्या उतारावर ढगफुटीसारखा पाऊस झाला की तेच पात्र तासाभरात काठोकाठ भरतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सहस्रधारा आणि मालदेवता भागात हेच झालं. तमसा नदीचं पाणी टपकेश्वर महादेवाच्या मंदिरात शिरलं, रस्ते आणि पूल वाहून गेले, माणसं दगावली. २०१९ च्या सप्टेंबरात पुण्यातल्या आंबील ओढ्याच्या पुराने एका रात्रीत काय केलं ते आपण पाहिलंय. तिथल्या ओढ्यांना उतार जास्त आणि पाण्याबरोबर दगडही येतात.

त्यामुळे प्लॉटची किंमत विचारण्याआधी पात्राच्या तळापासून प्लॉट किती वर आहे ते बघा. मागे पुश्ता, म्हणजे दगडी संरक्षक भिंत, बांधलेली असेल तर ती कधी आणि कशामुळे बांधली ते शेजारच्या जुन्या घरात विचारा. एजंटला विचारून उपयोग नाही. जुनी वस्ती सहसा पात्रापासून हटून, उंचावर असते. नव्या वसाहती खाली सरकत गेल्यात, कारण वरची जागा संपली. शिवाय हा भाग भूकंपाच्या दृष्टीने पुण्याहून जास्त धोक्याचा. १९९१ चा उत्तरकाशीचा आणि १९९९ चा चमोलीचा भूकंप याच गढवालातले. बांधकामाचे नकाशे बाहेरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कायद्याचं म्हणाल तर उत्तराखंडात बाहेरच्या माणसाला जमीन घेण्यावर बंधनं आहेत. २०२५ च्या दुरुस्तीने हरिद्वार आणि उधमसिंहनगर सोडून बाकी अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतीची आणि बागायतीची जमीन घेता येत नाही. देहरादून त्या अकरांत येतं. पालिका हद्दीबाहेर राहण्यासाठी एका कुटुंबाला एकदाच २५० चौरस मीटर, म्हणजे २६९० चौरस फुटांच्या आसपास, तेही शपथपत्र देऊन. पालिका हद्दीत हे बंधन लागू नाही. म्हणून तुमचा प्लॉट हद्दीच्या आत की बाहेर हे आधी कागदावर पाहा. आपण एनए, म्हणजे बिगरशेती, झालंय का विचारतो, तसं तिथे '१४३ झालंय का' विचारतात. सातबाराच्या जागी खतौनी, फेरफाराच्या जागी दाखिल-खारिज. नकाशा मसूरी-देहरादून विकास प्राधिकरणाने मंजूर केलेला हवा. तिथलाच वकील करा, आणि तो एजंटने सुचवलेला नसावा.

मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या मुलीची वाटते. नववीतून तिला हलवलंत तर दहावी आणि बारावी उत्तराखंडातून होईल. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागतात. बदलीच्या नोकरीतल्या काही पालकांना सवलत आहे, पण तुमची खासगी नोकरी त्यात बसणार नाही. इंजिनिअरिंगचं पाहिलं तर एनआयटीत निम्म्या जागा गृहराज्याच्या, आणि बारावी जिथून केली ते गृहराज्य. म्हणजे नागपूरच्या व्हीएनआयटीचा हक्क जातो आणि गढवालातल्या श्रीनगरच्या एनआयटीचा मिळतो. तिला डॉक्टर व्हायचं असेल तर तिची बारावी पुण्यातच होऊ द्या, चार वर्षं थांबावं लागलं तरी. तिच्याशी बसून हे मोकळेपणाने बोला. निर्णय तिच्या आयुष्याचा आहे. मुलाचं वय लहान आहे, तो सीबीएसईच्या शाळेत सहज रुळेल.

आईंबद्दल. खोरं असल्यामुळे हिवाळ्यात थंड हवा खाली बसते आणि धूर-धूळ तिच्याबरोबर अडकून राहते. जानेवारीत पहाटे पाच-सहा अंश आणि घरं आपल्यासारखीच, उब धरून न ठेवणारी. दमेकऱ्याला डिसेंबर-जानेवारी जड जातो. त्यांच्या पुण्यातल्या डॉक्टरांना विचारा, आणि पहिल्या हिवाळ्यात त्यांना पुण्यातच ठेवता आलं तर उत्तम. मोठ्या दुखण्याला ऋषिकेशचं एम्स आहे, पण घरापासून तिथे पोचायला किती वेळ लागतो ते गर्दीच्या वेळी एकदा स्वतः जाऊन बघा.

घर बघताना दुपारी उन्हाच्या बाजूच्या खोल्या किती ते मोजा. पावसाळ्यात उत्तरेच्या भिंतीला लागून कपाट ठेवलं की आठवड्याभरात कमरेच्या पट्ट्यांवर आणि चपलांवर हिरवट-पांढरी बुरशी धरते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचं, आत कमी पॉवरचा बल्ब लावून ठेवायचा, शेजाऱ्यांनी आम्हाला तेच शिकवलं. चुनखडीच्या डोंगरातलं पाणी जड असतं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तो वर्षातून एकदा साफ करून घ्यावा लागतो. खाण्याचे हाल होणार नाहीत. गहत म्हणजे आपले कुळीथ, मंडुवा म्हणजे नाचणी, दोन्ही बाजारात मिळतात. गोडा मसाला, आमसुलं आणि ज्वारीचं पीठ मात्र पुण्याहून न्यावं लागेल.

गाडी एमएच-१४ ची असेल तर बारा महिन्यांपर्यंत तशीच चालते. त्याहून जास्त राहणार असाल तर इथल्या आरटीओची एनओसी, कर्ज असेल तर बँकेचीही, मग तिथे कर भरून यूके-०७ चा नंबर. इथल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. अर्ज मात्र तुम्हालाच करावा लागतो, कोणी बोलावून देत नाही.

माझ्या मते क्रम असा ठेवा. मुलीचं ठरेपर्यंत काही नाही. ठरलं की जूनमध्ये भाड्याचं घर घ्या, वाकडचा फ्लॅट भाड्याने द्या, आणि सप्टेंबर संपेपर्यंत तिथून हलू नका. जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी त्या प्लॉटवर जाऊन उभे राहा. मग जानेवारी काढा. तेवढ्यात कंपनीकडून घरून कामाची परवानगी लेखी घ्या, त्यात दुसऱ्या राज्याचा उल्लेख हवा. वर्षानंतरही जमीन घ्यायची इच्छा टिकली तर खतौनीची प्रत काढा आणि इथे लिहा, कुठला कागद कशासाठी बघायचा ते मी सांगतो.