आई बिड्या वळते, बाबा ओढतात

"मावशी, आई घरी बसून रोज हजारभर बिड्या वळते, त्यावरच माझी फी भरली गेली. बाबा ५२ वर्षांचे, यंत्रमागावर कामाला. दिवसाला दोन बंडलं ओढतात. यंदा संक्रांतीला मिरवणुकीत नंदीध्वजामागं चालताना धाप लागून अर्ध्यावर बसले. बोललं की म्हणतात, 'माझा बाप ८० पर्यंत ओढत होता.' आईला लागेल म्हणून बिडीला नावंही ठेवता येत नाहीत. काय करू?"
— एक मुलगी, सोलापूर

पोरी, आईचे कष्ट आणि बिडीचा धूर एकाच दोऱ्यानं बांधू नकोस. ती पोटासाठी वळते, म्हणून बाबांनी ओढलीच पाहिजे असं थोडंच आहे? उलट तिलाच सोबतीला घे.

आता आजोबा. ते दिसतात, कारण ते जगले. त्यांच्याबरोबर ओढणारे जे पन्नाशी-साठीत गेले, ते वाद घालायला कुठून येणार? २००८ साली भारतातल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी ६ वर्षांनी कमी भरलं. तरी बिडी सौम्य, हा आपला लाडका गैरसमज! तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, विझू नये म्हणून दम जोरात मारावा लागतो.

पण बाबांना मरणाची भीती घालू नकोस, धापेबद्दल बोल. नंदीध्वजामागं बसावं लागलं हे त्यांनाही सलत असणार. फुप्फुसातले फाटलेले वायुकोश पुन्हा शिवले जात नाहीत, खरं आहे. मात्र बिडी सुटली की पुढची झीज मंदावते. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर ५० वर्षं चाललेल्या अभ्यासात पन्नाशीला सिगारेट सोडणाऱ्यांचं सुमारे ६ वर्षांचं आयुष्य वाचलं. "दोनाचं एक बंडल करतो" म्हणतील. ऐकू नकोस, पूर्णच सुटायला हवी.

आधी डॉक्टर गाठा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयासाठी थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. फुंकून फुप्फुसाची ताकद मोजतात, तीही करा, आणि हृदयही तपासून घ्या. मागावरच्या सुताच्या धुळीचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. आईलाही न्या, तंबाखूची धूळ तिच्या नाकात जातेच. सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे. फोन तू लाव, बोलू दे बाबांना.

सोडल्यावर काही दिवस खोकला वाढल्यासारखा वाटेल. "बघ, ओढत होतो तेच बरं होतं," म्हणतील. तो साठलेला कफ सुटत असतो. तेवढे दिवस वळलेल्या बिड्या घरात त्यांच्या हाताशी राहू देऊ नका.