रिकाम्या खिशाची गोष्ट

प्रश्न : बाई, माझी मुलगी तिसरीत आहे. तिच्या वर्गातल्या पारशी मैत्रिणीची पुढच्या महिन्यात नवजोत, म्हणजे धर्मदीक्षेचा विधी, आहे, आम्हालाही बोलावणं आहे. मुलगी विचारते, "ते लोक आगीची पूजा करतात ना?" तिला हा धर्म कसा समजावू?
– एक आई, जळगाव

उत्तर : ताई, आधी ते आगीचं. पारशी प्रार्थना करतात ती अहुरमज्द या एका ईश्वराची. अग्नी ही त्याच्या प्रकाशाची खूण. म्हणून तर अग्यारीत, म्हणजे त्यांच्या अग्निमंदिरात, अग्नीला लाकूड घालताना दस्तूरजी, म्हणजे धर्मगुरू, तोंडावर पांढरं फडकं बांधतात, श्वास त्याला लागू नये म्हणून. एवढं सांगितलं तरी मुलीला पुष्कळ कळेल.

माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. शेजारच्या पारशी मासी रोज सकाळी हातपाय धुऊन कमरेची कुस्ती सोडायच्या आणि प्रार्थना पुटपुटत पुन्हा बांधायच्या. लोकरीच्या 72 धाग्यांची ती विणलेली दोरी; यस्न या त्यांच्या प्रार्थनाग्रंथाचे अध्यायही 72. कमरेला तीन वेढे. "तीनच का हो?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "एक मनासाठी, एक जिभेसाठी, एक हातासाठी." हुमत, हुख्त, हुवर्श्त : चांगला विचार, चांगला शब्द, चांगलं काम. मग सुदऱ्याच्या, म्हणजे आतल्या पांढऱ्या मलमली सदऱ्याच्या गळ्याशी असलेला इवलासा खिसा दाखवला. त्याला गिरेबान म्हणतात. माझं बोटाचं टोक जेमतेम आत गेलं. "काहीच नाही यात!" "अगं, रोजच्या चांगल्या कामांनी भरायचा असतो तो." त्या रात्री मी माझ्या फ्रॉकचा खिसा चाचपत झोपले होते.

तुमच्या लेकीला हा खिसा आधी सांगा, नावं मागून. आणि विचार, शब्द, काम या तिन्हींचा क्रम मात्र मोडू नका. आपण पोरांना "खोटं बोलू नको, मारू नको" इथपासून शिकवतो. इथे सुरुवात मनापासून आहे. मैत्रिणीला जास्त मार्क पडले तेव्हा मनात काय आलं, हे तिला विचारून बघा. धाक मात्र घालू नका. या धर्माचा प्रेषित जरथुष्ट्र, त्याच्या गाथांमध्येच म्हटलंय की, कानांनी ऐका, स्वच्छ मनाने पारखा आणि ज्याने त्याने स्वतः निवडा.

इराणहून आलेल्या पारशांना गुजरातेतल्या संजाणच्या राजाने, इथे जागा नाही हे सुचवायला, दुधाने काठोकाठ भरलेलं भांडं पाठवलं आणि त्यांनी त्यात साखर विरघळवली, ही कहाणी दंतकथा म्हणूनच सांगा. पण स्वयंपाकघरात पेला भरून करून दाखवा. थोडीशी साखर हळूहळू घातली तर मावते, दूध सांडत नाही.

नवजोतीला जरूर जा. त्यातच मुलीला सुदरा आणि कुस्ती पहिल्यांदा घालतात. शेवटी दस्तूरजी त्या मुलीवर तांदूळ, खोबऱ्याचे तुकडे, गुलाबाच्या पाकळ्या टाकून आशीर्वाद देतील. लेकीला पुढे उभं करा, दिसेल. अग्यारीत मात्र आपल्याला जाता येत नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा, दारात हिरमोड नको. गिरेबान बघायचा असेल तर मैत्रिणीला विचारून बघावा. कुस्तीला आपण होऊन हात लावू नये.