डेन्मार्कला पीएचडीसाठी निघालेल्या ऐरोलीच्या मुलीला

तू विचारलंस की एम.एस्सी.ला दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसवर काम केलंय, आता डेन्मार्कला ‘दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांच्या आतड्यातले जिवाणू आणि प्रोबायोटिक’ (म्हणजे फायद्यासाठी बाहेरून दिलेले जिवंत जिवाणू) हा विषय मिळतोय, तर ते झेपेल का आणि डुकरांना हात लावावा लागेल का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, लागेल. मी ठाण्यात चरईत वाढले. डुक्कर म्हणजे नाल्याकडेला दिसणारा प्राणी, एवढीच ओळख. इथे पहिल्यांदा शेडमध्ये उभी राहिले आणि डुकरीण पिल्लांना पाजताना पाहिली. ती एका ठेक्यात घुरघुरायला लागते आणि सगळी पिल्लं धावतात, प्रत्येकाचा सड ठरलेला. साधारण तासातासाने हे चालतं. मग चौथ्या आठवड्याच्या सुमारास एका दिवसात आई जाते, दूध जातं, अनोळखी पिल्लं शेजारी येतात आणि पुढ्यात कोरडं खाद्य पडतं. तुझा विषय याच आठवड्यात आहे.

दुधातल्या साखरेवर जगणारे लॅक्टोबॅसिलस कमी होतात. पिल्लू एकदोन दिवस धड खात नाही, आतड्याचं अस्तर खालावतं. नेमक्या त्या वेळी एफ4 किंवा एफ18 नावाचे चिकटणारे तंतू असलेले ई. कोलाय जिवाणू अस्तराला चिकटतात, विष सोडतात आणि हगवण लागते. पूर्वी यावर खाद्यातून अँटिबायोटिक द्यायचे. वाढीसाठी तशी देणं युरोपीय संघाने 2006 पासून बंद केलं. मग आधार होता मोठ्या मात्रेतल्या झिंक ऑक्साइडचा, दूध तोडल्यावर 14 दिवस. पण ते जस्त विष्ठेतून शेतात साचतं आणि औषधांना न जुमानणारे जिवाणूही त्याने फोफावतात, म्हणून जून 2022 मध्ये तेही थांबलं. तुझी जागा निघालीय ती या पोकळीमुळे.

दह्याचा अनुभव कामी येईल, पण दिलेला जिवाणू विरजणासारखा आतड्यात रुजतो, ही समजूत इथे येण्याआधीच सोड. विरजण लागतं कारण दूध उकळलेलं असतं, आत भांडायला कुणी नसतं. आतडं कुणी उकळत नाही. तिथे अब्जावधी जिवाणू आधीच वस्तीला आहेत, आणि बाहेरून दिलेला बहुतेक वेळा कायमचा राहत नाही. देणं थांबलं की काही दिवसांत दिसेनासा होतो. तो काम करतो ते जाता जाता: आम्ल तयार करतो, बॅक्टेरिओसिन (दुसऱ्या जिवाणूंना मारणारी प्रथिनं) सोडतो, ई. कोलायची चिकटायची जागा अडवतो, अस्तराखालच्या प्रतिकारपेशींना जागं ठेवतो. कधी त्याच्या आम्लावर दुसरे जिवाणू ब्युटिरेट हे छोटं मेदाम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी त्यावर पोसतात. म्हणजे दिलेला जिवाणू शेवटी सापडला नाही, तरी परिणाम झालेला असू शकतो.

प्रजातीही सगळ्या सारख्या नाहीत. लॅक्टोबॅसिलस खाद्याच्या गोळ्या बनवतानाच्या उष्णतेत टिकणं अवघड, बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूचे बीजाणू टिकतात. म्हणून कारखान्यांना बॅसिलस आवडतो. माझ्या पहिल्या प्रयोगात तोच होता. निकाल आले तेव्हा, ज्यांना काही दिलं नव्हतं त्या पिल्लांच्या विष्ठेतही बॅसिलस वाढलेला. शेजारच्या कप्प्यातून माझ्याच बुटांबरोबर गेला होता. चार महिन्यांचं काम वाया गेलं, आणि मी आठवडाभर नीट जेवले नाही. डुकरं एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका कप्प्यातली पिल्लं जिवाणूंच्या दृष्टीने जवळजवळ एकच. सही करण्याआधी गाइडला विचार: कप्पे किती? पिल्लं किती, हा प्रश्न नाही. आणि नमुने कुठले, फक्त विष्ठा की लहान आतड्यातलेही? हगवणीचे ई. कोलाय लहान आतड्यात चिकटतात, विष्ठा तिथली पूर्ण गोष्ट सांगत नाही.

लहान आतड्याचे नमुने म्हणजे पिल्लू मारावं लागतं. त्याआधी प्राणी हाताळण्याचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, तो चांगला असतो, पण त्याने हात थरथरायचा थांबत नाही. तुझ्या घरी माळकरी आजी आहेत, असं लिहिलंयस. त्यांना विषय खरा सांग. मी ‘दह्याच्या जिवाणूंवर काम’ एवढंच सांगितलं होतं, दोन वर्षांनी आईला कळलं तेव्हा तिला कामाचं नाही, लपवल्याचं वाईट वाटलं.

आणखी एक, निरोगी आणि स्वच्छ शेडमध्ये प्रोबायोटिकने बऱ्याचदा काहीच फरक पडत नाही. तसा निकाल आला तर तोही लिही, तो खरा असतो.

बाकी सोपं. इथे पीएचडी ही तीन वर्षांची पगारी नोकरी आहे. आल्याआल्या सीपीआर नंबर, म्हणजे इथला ओळख क्रमांक, काढ, बँक आणि डॉक्टर त्यावरच चालतात. डिसेंबरात दिवस सात तासांचा, म्हणून जमलं तर ऑगस्टमध्ये ये. आई बॅगेत तूप घालेल, ते काढून ठेव. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे, आणि डुकरांच्या रोगांमुळे इथे ती फार काटेकोर पाळतात. गोडा मसाला मात्र भरपूर आण.