टोकन बिघडलं नसेल, पुढं गेलं असेल. नवीन टोकनच्या अर्जावर आज सही करू नका

भाऊ, टोकनचा (म्हणजे कोड दाखवणाऱ्या बँकेच्या छोट्या यंत्राचा) कोड नेट बँकिंग घेत नाही आणि शाखा नवीन मागवा म्हणते, ही तुमची पोस्ट वाचली आणि आमचा दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी डोळ्यापुढं आला. शेतकरी कंपनीचं चालू खातं, तुरीचे चुकारे टाकायचे, एका संचालकानं नोंद केलेली आणि मंजुरी देणाऱ्याच्या टोकनवरचा सहा आकडी कोड स्क्रीन घेतच नाही. शाखा म्हणते टोकन खराब, नवीन मागवा. तुमचं गाव पुसदकडचं, आमचं दारव्ह्याकडचं, एवढाच काय तो फरक.

पासवर्ड, नेट, ब्राउझर हे सगळं तुम्ही तपासलंच असेल, त्यात जात नाही. नवीन टोकनच्या अर्जावर मात्र आज सही करू नका. मला सगळ्यात महाग पडली ती तीच सही.

आमचं टोकन बटणाचं होतं. दाबलं की नवा कोड. त्याच्या आत एक मोजणी चालते, प्रत्येक दाबण्याला ती एकानं पुढं सरकते. बँकेच्या सर्व्हरची मोजणी मात्र आपण बरोबर कोड टाकला तरच सरकते. दोन-चार वेळा उगाच बटण दाबलं गेलं तर सर्व्हर पुढचे काही कोड तपासून जुळवून घेतो, पण किती पुढचे तपासायचे याला मर्यादा असते. माझा सहा वर्षांचा पुतण्या दुपारभर ओसरीवर ते टोकन दाबत बसला होता. लेकराचा दोष नाही. गाडीच्या किल्लीला अडकवून त्याच्या हाताला येईल अशा खुंटीवर मीच ठेवलं होतं. टोकन ठणठणीत होतं, फक्त सर्व्हरच्या फार पुढं गेलेलं. अशा वेळी लागोपाठचे दोन कोड टाकले की मेळ पुन्हा बसतो, यालाच सिंक म्हणतात. दोन मिनिटांचं काम.

मला हे कोणी सांगितलं नाही. मी कोड टाकत राहिलो आणि नेट बँकिंग लॉक झालं. सकाळच्या एसटीनं शाखेत गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी टोकन हातात घेऊन पाहिलंसुद्धा नाही. "खराब झालं" म्हणाले, अर्ज पुढं सरकवला आणि मी सही केली. त्या सहीनं जुनं टोकन कायमचं रद्द झालं. मग कळलं की नव्यासाठी संचालक मंडळाचा ठराव लागतो. ऐन तुरीच्या दिवसांत पाच संचालक एका जागी आणून ठराव केला. तो नेला तर बँकेच्या नमुन्यात नाही. नमुन्यात नेला तर शिक्का सहीवर आला. जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो तर, "हे इथून नाही होत, शाखेतूनच होते." शेवटी टोकन निघालं, तर कुरिअरवाला गावात आलाच नाही, 'पत्ता सापडला नाही' लिहून परत पाठवलं. सगळे मिळून २३ दिवस गेले.

एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची सोय, २०१९ च्या डिसेंबरपासून चोवीस तास, रविवारीही चालते. आमच्या ४१ शेतकऱ्यांचे पैसे मात्र एका बटणापायी अडकले. एक म्हातारे काका रोज सकाळी यायचे. "काऊन जी, आज तरी पडतीन का पैसे?" व्यापारी रोख देत होता, ते सोडून त्यांनी आमच्याकडं तूर मोजली होती. पुढच्या हंगामात ते आले नाहीत. अजून दहा-अकरा घरं आली नाहीत. त्यांना मी काय तोंडानं बोलावणार होतो?

सगळ्यात राग येतो तो याचा, की त्या २३ दिवसांत चेकबुक माझ्या कपाटात पडून होतं. टोकन बंद झाल्यानं खातं बंद होत नाही. शेतकऱ्यांची नावं, खाते क्रमांक, आयएफएससी (बँक शाखेचा कोड) आणि रकमेची यादी, सोबत चेक आणि अधिकृत सह्यांचं पत्र देऊन शाखेतूनच एनईएफटी करून मागता आली असती. चार चकरांत एकाही टेबलावरून हा शब्द निघाला नाही. तुम्ही उद्याच विचारा.

शाखेत 'टोकन चालत नाही' असं म्हणू नका. 'टोकन सिंक करून द्या, रद्द करू नका' असं लेखी द्या आणि पोच घ्या. बटण नसलेलं, आपोआप कोड बदलणारं टोकन असेल तर ते घड्याळावर चालतं. जुनं झालं की घड्याळ मागंपुढं होतं, तेही सिंकनं जुळू शकतं. बॅटरी संपली असेल तर मात्र बदलण्यावाचून इलाज नाही, ती सहसा आतच बंद केलेली असते. मी बँकेतला माणूस नाही, प्रत्येक बँकेची पद्धत वेगळी, म्हणून माझ्या शब्दावर न जाता त्यांच्याकडून खात्री करा.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. सिंकचे दोन कोड बँकेच्या स्वतःच्या पानावरच टाकायचे. 'सिंक करून देतो, कोड सांगा' असा फोन आला तर ठेवून द्या. कोणाला सांगून बसला असाल तर आधी बँकेला कळवा आणि लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

तक्रारीला बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. पैसे लागत नाहीत, माहितीला १४४४८ आहे. मी गेलो नाही, कारण माझ्याकडं एकाही चकरेची पोच नव्हती.

काही जण म्हणतील टोकन सोडा, एसएमएसचा ओटीपी घ्या. माझं मत उलटं आहे. आमच्याकडं लाइन गेली की थोड्या वेळात टॉवरही जातो आणि एसएमएस रात्री येतो. टोकनला रेंज लागत नाही, आमच्यासारख्या गावाला तेच बरं. फक्त मंजुरी देणारे दोन संचालक ठेवा आणि दोघांची टोकनं दोन घरी, डबीत. कुरिअर गावात येत नसेल तर टोकन शाखेतून हातात मिळेल का, ते आधीच विचारून ठेवा.

आता टोकन हातात घेऊन पाहा आणि बटण आहे की नाही, कोड उमटतो की पडदा कोरा आहे, एवढं इथं लिहा. फोटो टाकू नका, मागं अनुक्रमांक असतो.