मुंबईचं पॅकेज: हातात किती, खोलीत किती

भावा, कोल्हापूर सोडून मुंबईत वर्षाला १५ लाखांच्या पॅकेजवर जावं का विचारतोस. आधी अभिनंदन! पण १५ लाखांना बाराने भागून महिन्याला सव्वा लाख धरू नकोस. त्या आकड्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) असते, कधी वर्षाअखेरचा बोनसही. वर टॅक्स आणि आपला पीएफ कापला जातो. ऑफर लेटर घेऊन बस आणि आधी 'हातात किती' ते काढ.

खरी मेख घरात आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत दोन खोल्यांचं भाडं ऐकून तू नाक मुरडतोस, मुंबईत तेवढ्यात पलंगाएवढी जागा मिळेल. पहिल्याच दिवशी डिपॉझिट, दलाली आणि आगाऊ भाडं असं एकदम द्यावं लागतं. पगार मात्र महिन्यानं. मी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईत उतरलो तेव्हा खिशात दोन महिन्यांचा खर्च होता, तो घरमालकाकडंच गेला. मग थोरल्या भावाकडून उसने. करार बहुधा ११ महिन्यांचा, पुढं भाडं वाढणारच.

पहिलं वर्ष शेअरिंगमध्ये काढ. ऑफिस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) आणि खोली डोंबिवलीत असली तर भाडं वाचतं, पण कुर्ल्याला गाडी सोडून पुढं रिक्षा, वर पावसाळा. रोजचे तीन तास धर. मी पाच वर्षं ते केलं, गुडघे अजून बोलतात.

एकट्याला ९० हजार हातात येत असतील तर बिनधास्त जा, घरी पाठवूनही उरतील. लग्न ठरलंय म्हणतोस, बायको नोकरी करणार नसेल तर हिशेब नव्याने मांड. आणि जेवणाचा डबा लाव. मटणासाठी कोल्हापूरला येशीलच.